दुमड घातलेलं रॉकेट

९ फेब्रुवारी

चिमे,

धाकट्या बहिणीला पत्राच्या सुरुवातीला अनेक आशीर्वाद लिहायचे असतात. ते मी तूर्तास राखून ठेवले आहेत. माझी कात्री परत आली की पाठवीन.

फोनवर तू सारखं "काय? काय म्हणालीस?" करतेस आणि शेवटी मुलाच्या हातात फोन देऊन मोकळी होतेस, म्हणून हे पत्र. अर्धांगाच्या झटक्यानंतर जीभ अजून थोडी जड आहे. कागदावर मात्र मी पूर्वीइतकीच स्पष्ट आहे, ते तुला कळेलच. अक्षर वाकडं दिसतंय ते पेन खराब असल्यामुळे.

तर मुद्दा. मुलाकडे राहायला गेलीस, चांगलं केलंस. पण जाताना दुकानातली मोठी कात्री पिशवीत घालून नेलीस, तीही मी आत झोपलेली असताना! दागिने गेले असते तर मी एवढी ओरडले नसते. तू शिवणारी, मी कापणारी. मशीन तुझं, कात्री माझी, हे दुकान उघडलं त्याच दिवशी ठरलं होतं. मी कधी तुझं मशीन उचलून नेलं का?

बोट कापलं त्या दिवशी टेबलावर रक्त फार दिसलं असेल, मान्य. पांढऱ्या अस्तरावर थेंबभर रक्तसुद्धा फार दिसतं. बोट आता बरं आहे. हातही बरा आहे.

आणि तो पडदेवाला! काल दुकानात आला, "तुमच्या बहिणीशी बोलणं झालंय" म्हणाला आणि माझ्यासमोर माझ्याच भिंतींची मापं घ्यायला लागला. मार्चअखेर किल्ली मिळेल असं तू त्याला सांगितलंयस म्हणे. कटिंगच्या टेबलावर थाप मारून म्हणाला, "हे अवजड धूड मात्र तुम्ही हलवा." मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. दुकान दोघींच्या नावावर आहे, एकटीच्या सहीने जात नाही, एवढंच सांगितलं. जीभ जड असल्यामुळे ते मला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त मजा आली.

दवाखान्यातली व्यायामवाली मुलगी म्हणते, बोटांना बारीक काम द्या. तिने आमच्या गटाला छापील जाड कागद वाटलेत. कापायचे, दुमडायचे, चिकटवायचे. मला रॉकेट मिळालंय. कात्री दिलीय लहान मुलांची, गोल टोकाची, पिवळ्या मुठीची. जिने जन्मभर कोट कापले तिच्या हातात ही कात्री! बघ आणि लाज वाटू दे.

तुझी ताई


२२ फेब्रुवारी

चिमे,

पत्र मिळालं. निम्मं पत्र औषधं वेळेवर घे, जिना सांभाळून उतर, ओल्या फरशीवर चालू नकोस. उंटावरून शेळ्या हाकणं तुला लहानपणापासून छान जमतं. उरलेल्या निम्म्यात तक्रारी. सून मीठ कमी घालते, तिकडे धारवाला म्हणून फिरकत नाही, सुऱ्या बोथट, धार लावायची तर शेजारच्या शहरात पाठवा आणि महिनाभर वाट बघत बसा. इथे आपल्या दारावरून दर बुधवारी धारवाला जातो. दुकान सोडून गेलं की असंच होणार.

मग शेवटच्या ओळीत तुझी ती अट. "तुझ्या हातून नीट कापलेलं काहीतरी मला दाखव. नीट म्हणजे तुझ्या हिशोबाने नीट, माझ्या नाही. मग कात्री पाठवते आणि पडदेवाल्याला नाही म्हणून सांगते."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. पण ठीक आहे, कबूल. कापड मागू नकोस. कापडाला कात्री लागते आणि ती तुझ्याकडे आहे. मी तुला रॉकेट दाखवीन.

हसू नकोस, आधी ऐक. हे साधं रॉकेट नाही. साधं रॉकेट एकदा वर गेलं की संपलं, खालचा भाग समुद्रात पडतो आणि कुणी विचारत नाही. हे परत वापरायचं. वरचं ओझं सोडून खालचा लांब भाग माघारी येतो, चार पाय बाहेर काढतो आणि जमिनीवर उभा राहतो. मग पुसूनबिसून, तेल भरून पुन्हा वर. व्यायामवालीने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, हे कुणातरी शिंप्याच्या डोक्यातून निघालेलं असणार. चिंधीसुद्धा न टाकणाऱ्या माणसाचं काम आहे हे. आपलं मॉडेल कोपरापासून बोटापर्यंत लांब, बाकी सगळं खऱ्यासारखं.

आता हसायचं असेल तर हस. पहिला तुकडा मी कापला आणि गुंडाळला, तर वरची टोपी त्यात बसेना. नळी एकीकडे जाड, एकीकडे पातळ, आणि उभी केली की डावीकडे कलायची. तासभर मी छापणाऱ्याला नावं ठेवली. मग व्यायामवाली हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही रेघेवर का नाही कापलंत?"

रेघेवर? रेघेवर कुणी कापतं का? रेघ शिवणीची, कापायचं रेघेबाहेर, चारी बाजूंनी माया सोडून. हातानेच सोडली गं. मला पत्ताही नव्हता. सगळीकडे अर्धा इंच जादा कागद, तो सगळा एका कडेला गोळा झालेला. माझ्या शेजारी एक बसड्रायव्हर बसतो, मनगट मोडलेला, जोरजोरात बोलणारा. तो म्हणाला, "टेलरबाई, तुमचं रॉकेट पुढच्या वर्षी जाड झालं तर उसवून देता येईल!"

सगळे हसले. मीही हसले, आणि हसताना तोंड उजवीकडे कमी जातं हे विसरले.

तुझी ताई


८ मार्च

चिमे,

आज लिहायचं मनात नव्हतं. लिहितेय, कारण नाही लिहिलं तर तू पडदेवाल्याला फोन करून माझी खबर विचारशील. तो तुझा हेर आहे हे मला माहीत आहे. दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून येतो आणि माझ्या हाताकडे बघतो.

दुसरं रॉकेट रेघेवर कापलं. नळी सरळ आली. टोपी बसली. पायांची मला काळजी नव्हती; कागदाला बारीक चुण्या घातल्या की पाय दबतो आणि परत सरळ होतो, हे स्कर्ट शिवणाऱ्या बाईला शिकवावं लागत नाही. ड्रायव्हरचे पाय सपाट होते, एकाच आपटीत मोडले. माझे बघून तो गप्प झाला, तेवढाच दिवस सुखाचा गेला.

मग दवाखान्याच्या जिन्यावरून रॉकेट खाली सोडलं. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी तसंच सोडायचं आहे. पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून खालच्या हॉलमध्ये, आणि जमिनीवर उभं राहिलं पाहिजे. एकदा नाही, तीनदा, त्याच मॉडेलने. परत वापरायचं म्हणता ना, मग वापरून दाखवा, असं व्यायामवालीचं म्हणणं. मुलगी दिसते गरीब, आहे वस्ताद.

माझं हवेत कोलांट्या खात डोक्यावर पडलं. पुन्हा सोडलं, पुन्हा डोक्यावर. टोपी चेपली.

"मावशी, वरचे जाळीचे पंख कुठायत?" व्यायामवालीने विचारलं. नळीच्या वरच्या टोकाला चार चिमुकले पंख असतात, खिडक्याखिडक्यांचे, जाळीसारखे. खाली येताना हवा त्यांच्यात अडते आणि डोकं वर राहतं. मी म्हटलं, मला ती लेस वाटली, म्हणून गाळली.

खोटं बोलले. ती जाळी कामाची आहे हे कागदावर छापलं होतं. मी ती एकदा कापून पाहिली होती, घरी, कुणी नसताना. तांदळाएवढ्या खिडक्या. दुसऱ्याच खिडकीला कात्री सटकली आणि पंख दोन तुकडे. दुसरा घेतला, तोही. मग ते तुकडे मी कचऱ्याच्या डब्यात तळाशी घातले, वर भाजीची सालं टाकली. माझ्याच घरात मी कुणापासून लपवत होते, देव जाणे.

हात थरथरतो गं. हे तुला माहीत आहे. मला ते लिहायचं नव्हतं, आता लिहिलं. पण कात्री परत हवी आहे आणि दुकानही हवं आहे. ते पडद्यांना गेलं तर मी सकाळी उठून कुठे जाऊ? तू मुलाकडे आजी आहेस. मी इथे कापणारी आहे, नाही तर कुणी नाही.

तुझी ताई


१९ मार्च

चिमे,

बस खाली आणि वाच. दोन गोष्टी झाल्या आणि दोन्ही मी केल्या. त्यातली एक पडदेवाल्याच्या पायगुणाने, पण ते त्याला सांगायचं नाही.

पहिली गोष्ट, जाळी. इतके दिवस मी कागद टेबलावर दाबून धरत होते आणि कात्री फिरवत होते. कापडाचं तसंच असतं ना. कापड हललं की गेलं, म्हणून कापड जागचं हलू द्यायचं नाही, कात्रीने त्याच्याभोवती फिरायचं. गेल्या आठवड्यात ड्रायव्हरकडे बघत होते. त्याचं मोडलेलं मनगट पट्टीत, ते त्याला फिरवताच येत नाही. तर तो पठ्ठ्या कात्री नुसती उघडमीट करत होता आणि डाव्या हाताने कागद तिच्या तोंडात फिरवत होता. स्टेअरिंग फिरवावं तसा. त्याच्या रेघा वेड्यावाकड्या आल्या, कारण त्याला घाई फार. पण माझी ट्यूब पेटली. माझा उजवा थरथरतो तो फिरवताना. मनगट जाड पुस्तकावर टेकवून नुसती उघडमीट केली तर? आणि डावा तर शहाण्यासारखा शाबूत आहे!

घरी आले, पर्ससुद्धा खांद्यावरून उतरवली नाही, तशीच बसले. पिवळ्या मुठीची कात्री, पुस्तकावर मनगट, डाव्या हातात कागद. काज कापतो तशी आधी मधोमध चीर द्यायची, मग कोपऱ्यात वळायचं. वळायचं म्हणजे कागदाने. चिमे, खिडकी आली! चौकोनी, चारी कोपरे शाबूत. मी ती दिव्यासमोर धरली आणि त्या एवढ्याशा भोकातून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मग दुसरी खिडकी, तिसरी. चारही पंख व्हायला पुढचे बरेच दिवस गेले, दोन फुकट गेले, ते सगळं झालं. पण झाले. आणि फुकट गेलेले यावेळी सालांखाली लपवले नाहीत.

पंख लावून रॉकेट सोडलं. कोलांट्या थांबल्या. तरी पडताना डुलत यायचं आणि पाय टेकले की आडवं व्हायचं. ड्रायव्हर म्हणाला, "दारू प्यालंय." त्याचंही आडवंच होत होतं, पण ते त्याला दिसत नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. काल पडदेवाला नमुने घेऊन आला, दुकानात कुठले पडदे कुठे टांगणार हे मला दाखवायला. माणसाचा निगरगट्टपणा बघ. एक पडदा त्याने दांडीवर घातला आणि सोडला. आणि तो पडदा असा सरळ खाली आला आणि स्थिर उभा राहिला की मी बघतच राहिले. मी खाली वाकून काठ चाचपला. तो खूश झाला, त्याला वाटलं मला माल आवडला. "खाली डबल दुमड आहे बाई, वजनाची. त्याशिवाय झोक सरळ पडत नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! जन्मभर मी कोटांच्या काठाला हेच केलं की नाही? खालची दुमड जड ठेवली की कोट अंगावर सरळ पडतो, हे तुला मीच शिकवलं होतं. आणि रॉकेटला मात्र रेघेवर कापत बसले, कारण एकदा हसले होते सगळे.

रात्रीपर्यंत थांबले नाही. नवी नळी घेतली. वर रेघेवर कापली, कडेला रेघेवर कापली, आणि खाली मात्र वीतभर माया सोडली. ती आतल्या आत दुमडत गेले, दुमडीवर दुमड, सगळीकडून सारखी, म्हणजे पहिल्यासारखं एका कडेला ओझं होणार नाही. बाहेरून काही दिसत नाही. तळ मात्र घट्ट जड. नियमात फक्त कागद चालतो, आणि हा कागदच आहे.

कटिंगच्या टेबलावर चढून सोडलं. (जिना सांभाळून उतर म्हणालीस, टेबलाबद्दल काही म्हणाली नव्हतीस.) उभं राहिलं.

३० तारखेला दवाखान्यात सगळ्यांसमोर. तुझ्या हेराला पाठव. त्याने बघितलेलं तू मानशील.

तुझी ताई


३१ मार्च

चिमे,

तुला सगळं कळलंच आहे, तरी मी सांगणार. माझा हक्क आहे.

हॉलमध्ये सगळा गट, त्यांच्या घरचे, दोन नर्सा आणि औषधांच्या खिडकीतला माणूस अर्धा बाहेर आलेला. पडदेवाला कोट घालून आला होता. कोटाचा डावा खांदा बसला नव्हता, पण मी गप्प बसले.

आधी ड्रायव्हर. "चला, सुटतेय गाडी!" म्हणून त्याने सोडलं. बिचारं उतरलं बरं, क्षणभर उभंही राहिलं, आणि सावकाश भिंतीकडे कललं. "लादी तिरपी आहे," तो म्हणाला. मी वरून ओरडले, "नाचता येईना अंगण वाकडं!" आणि ऐक, एकालाही परत विचारावं लागलं नाही. जीभ एका झटक्यात वळली. व्यायामवालीने माझ्याकडे बघितलं आणि टाळी वाजवली.

मग मी. कठड्याशी उभी राहिले, उजव्या हातात रॉकेट. डाव्या नाही, उजव्या. बोटं उघडली. ते सरळ खाली गेलं, जाळीचे पंख वर, डोकं वर, कुठे डुलणं नाही. टक. चार पायांवर उभं.

दुसऱ्यांदा टेकल्यावर छोटी उडी मारली आणि परत उभं राहिलं. लोक हसले, पण यावेळचं हसू माझ्या बाजूचं होतं.

तिसऱ्या वेळेआधी बघते तर एका पायाची चुणी मोडलेली. त्या उडीत गेली. नवा पाय लावायचा नाही, तेच मॉडेल. ड्रायव्हर एकदम गंभीर झाला. "टेलरबाई, राहू द्या, दोनदा म्हणजे पुष्कळ झालं." तो मनापासून म्हणाला हे मला कळलं, पण मी काय दोनदावर थांबायला आले होते? मी जिन्याच्या पायरीवर बसले, रॉकेट मांडीवर आडवं घेतलं आणि नखाने चुणी पुन्हा बसवायला लागले. इस्त्री हाताशी नसली की आपण घडी बसवतो तशी. एकेक चुणी, वरून खाली. सगळा हॉल माझ्या उजव्या हाताकडे बघत होता. तो थरथरत होता. मी थरथरू दिला. मनगट गुडघ्यावर टेकवलं आणि अंगठ्याने काम केलं.

उठले. सोडलं.

चिमे, ते उतरलं. तीन पाय टेकले, चौथा दबला, मला वाटलं गेलं आता, आणि त्या पायाने अंग उचललं आणि सरळ उभं राहिलं. दुमडीने धरून ठेवलं त्याला. हॉलमध्ये एक ओरडा झाला. ड्रायव्हरने मोडलेल्या मनगटाने टाळी वाजवली आणि मग आई गं म्हणून ओरडला. पडदेवाला कानाला फोन लावून बोंबलत होता, "उभं राहिलं! तिसऱ्यांदाही उभं राहिलं!" आणि त्या फोनमधून एक किंकाळी आली, ती मला जिन्यावरून ऐकू आली. ती मी कुठेही ओळखीन. उंदीर दिसला की तू तशी ओरडतेस, आणि मी कापलेला कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर पहिल्याच फटक्यात बसला की.

मी तिथेच पायरीवर बसून रडले. आनंदाने रडले, कुणी समजूत काढायला आलं तर हाकलून दिलं.

पडदेवाला जाताना रॉकेट उलटं करून बघत होता. आत बोट घातलं, दुमड चाचपली आणि माझ्याकडे बघितलं. "ही माझ्या पडद्याची दुमड आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "माझ्या कोटाची आहे. तुमचा डावा खांदा बसलेला नाही, उद्या दुकानात या, खडूने खूण करून ठेवते. कात्री आली की उसवीन." त्याने रॉकेट माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "म्हणजे मी जागा दुसरीकडे बघू?" मी म्हटलं, "बघा."

आता कात्री.

तुझी ताई


५ एप्रिल

चिमे,

अनेक उत्तम आशीर्वाद. राखून ठेवलेले सगळे, व्याजासकट.

कात्री आज आली. तुझ्या जुन्या फ्लॅनेलच्या झग्यात गुंडाळलेली, वर सुतळी, सुतळीला तुझी ती न सुटणारी गाठ. मी गाठ सोडवली. कापली नाही, बोटांनी सोडवली, मुद्दाम.

पात्याला तेल. आणि धार! मी कागदाचा कपटा नुसता टेकवला तर दोन तुकडे. मग मी खुर्चीत बसले आणि हिशोब केला. रॉकेट उतरून आठवडा झाला नाही. तुझ्याकडे धारवाला येत नाही. धार लावायची तर शेजारच्या शहरात पाठवायची आणि महिनाभर थांबायचं, हे तुझंच रडगाणं. म्हणजे मी इथे खिडक्या फाडत होते, सालांखाली लपवत होते, तेव्हा तू कात्री धारेला पाठवून बसली होतीस. जिला कात्री द्यायची नाही ती धार कशाला लावून ठेवेल? लबाड आहेस. आईच्या वळणावर गेलीस.

आणखी एक. मधला स्क्रू तू अर्धा फेरा सैल केला आहेस. माझ्या हाताला जड जाऊ नये म्हणून. उघडताच कळलं मला, मुठीत इतकी हलकी ती कधीच नव्हती. तिथे मात्र मी पुन्हा रडले, हे तुला सांगून टाकते, म्हणजे पडदेवाल्याकडून कळायला नको.

मग मी स्क्रू पूर्वीच्या खुणेपर्यंत आवळला. सैल कात्री कापड चावते.

टेबल पुसलं. ते गडद निळं कापड काढलं, झटक्याच्या दिवशी अर्धवट राहिलेलं. खडूच्या रेघा अजून आहेत. तुला तो कोट गिऱ्हाइकाचा वाटला होता ना? तुझा होता. तुझ्या साठीसाठी. मनगट पुस्तकावर टेकवून चालणार नव्हतं, कापडाला कात्रीनेच फिरावं लागतं. हात थरथरला. रेघेबाहेर माया सोडलेली असते ती त्यासाठीच. पाठीचा भाग कापला, मग दोन्ही बाह्या. खांद्यापाशी थांबले आहे. तुझी मापं माझ्या हातात आहेत, पण नातवाला उचलून खांदे उतरले असतील, अंदाजाने कापणार नाही. आणि शिवणार कोण? तुझं मशीन झाकून ठेवलं आहे तसंच आहे.

रॉकेट दुकानाच्या काचेत उभं केलं आहे. सकाळपासून दोघांनी थांबून विचारलं, तुम्ही हे पण करता का. मी म्हटलं, हो.

येताना त्या बोथट सुऱ्या आण. धारवाला बुधवारी येतो.

तुझी ताई